मैदानाकडे पाठ

मामू आपली घडीची खुर्ची उघडत, ती अंपायरच्या मागे बरोबर मधल्या स्टंपच्या रेषेत मांडत, वाळूत चारी पाय नीट रुतले का ते हलवून बघत आणि मग मैदानाकडे पाठ करून तिच्यावर बसत. समोर बघण्यासारखं काहीही नसे. वाळू, एक मोडका पाण्याचा टँकर आणि लांबवर शुऐबाच्या रिफायनरीची धुरांडी. आम्ही त्यांच्या मागे क्रिकेट खेळत असू आणि ते त्या धुराकडे बघत असत. कुणी विचारलंच तर म्हणत, "सेक्रेटरीसायबांस सांगा, माझी पाठ बघा आता."

सेक्रेटरी मी होतो.

तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल, जो रागावला म्हणून घरी बसत नाही, तर रोज येऊन आपला राग हजर असल्याची सही करून जातो. मामू त्यातले. त्या मोसमात त्यांनी एकही शुक्रवार चुकवला नाही. सकाळी सातला मॅच, तर साडेसहाला ते हजर. जुम्याच्या नमाजाची वेळ झाली की खुर्ची मिटून जात आणि नमाज झाला की परत येऊन पुन्हा पाठ करून बसत. पाठीमागचं सगळं त्यांना आवाजावरून कळे. "काठ लागला. स्लिपनं सोडला ना? सोडणारच. दुसरं काय करणार तुमी?" हे सगळं समोरच्या टँकरला उद्देशून.

मामू आमच्या हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात डार्करूम सांभाळत. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे, खलाश्याच्या घरातले, पन्नाशी ओलांडलेले. केरळी नर्सपासून मिसरी सर्जनपर्यंत सगळे त्यांना मामूच म्हणत. खरं नाव मी इथे लिहीत नाही. मला ते लिहू देण्याइतके ते माझ्यावर खूष नव्हते. दिवसभर लाल दिव्याखाली औषधात फिल्म बुडवायच्या, काढायच्या, वाळवायच्या, हे त्यांचं काम. त्यामुळे उजेडात आले की डोळे बारीक करून बघत आणि नवख्या माणसाला वाटे, हे आपल्यावर संशय घेतायत. माझ्या बाबतीत ते खरंच होतं.

ते कधी बॅट धरत नसत. पण आमच्या टीमची चटई तेच अंथरत. कुवेतमध्ये गवत कुठलं? वाळू ओली करून रोलर फिरवायचा, त्यावर काथ्याची चटई ताणायची आणि कडेकडेने वीतभर लांबीचे खिळे ठोकायचे. चटई सैल राहिली तर पाय सरकतो, चेंडू मरतो. मामू शिडाचा दोर ओढावा तशी ती चौघांकडून ओढून घेत, तळहाताने थापटून आवाज ऐकत आणि नाही पटला तर सगळे खिळे उपटायला लावत. त्यांच्या चटईला अख्ख्या लीगमध्ये मान होता. शिवाय अकरा जणांसाठी खुबूसात, म्हणजे तिथल्या रोटीत, अंडं-कांदा भरून, कागदात गुंडाळून आणत तेही तेच.

आणि ते सावंतचे भक्त होते. सावंत आमच्या औषधांच्या स्टोअरमध्ये क्लार्क, सावंतवाडीकडचा, डावखुरा फिरकी बोलर. चाळिशी उलटलेली, पोट सुटलेलं. चार पावलांत बोलिंग टाकायचा आणि मान खाली घालून परत जायचा. जलीबच्या वस्तीत दोघं एकाच खोलीत राहत. नऊ वर्षं. स्वयंपाक मामूंचा, भांडी सावंतची, आणि जुलैत गावी जायचं तेही एकाच विमानाने. सावंतने कुणाला बाद केलं की मामू उभे राहून ओरडत, "जा, घरी जाव जेव आता!" हे ते मराठीत ओरडत आणि लाहोरचा बॅट्समनसुद्धा समजून जाई.

नव्वद सालच्या जानेवारीत, अर्धा मोसम झाला असताना मी एक शहाणपणा केला.

शुऐबाच्या एका कंत्राटी कंपनीत मंगलोरचा एक वेगवान बोलर होता. उंच, लांब रनअप, केस उडवत यायचा. मी त्याची एक ओव्हर पाहिली आणि भाळलो. त्याच्या टीमच्या सेक्रेटरीकडे सोडचिठ्ठी मागितली, तर त्याने त्याच दुपारी सही करून दिली, वर चहा आणि बिस्किटं. ज्या देशात इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, एक शिक्का मिळायला तीन आठवडे लागतात, तिथे हा कागद एका दुपारी मिळतो, यावरून मला शंका यायला हवी होती. आली नाही. मी त्याला आमच्या ॲम्ब्युलन्स धुणाऱ्या कंत्राटदाराच्या यादीत घातलं, म्हणजे कागदोपत्री हॉस्पिटलचा केला, आणि टीममध्ये घेतलं. अकरातून कुणाला तरी काढणं भाग होतं. मी सावंतला काढलं.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करत असे. मामू तिथे माझ्या टेबलाशी आले. हातात ओली फिल्म तशीच चिमट्याला लटकत होती.

"सावंताला काढलाव?"

"मामू, वय झालं त्याचं. आपल्याला फास्ट बोलर हवाय."

"मग काढायचा व्हता तर स्वतःला काढायचाव. तुमी सहा नंबरला येऊन काय करताव?"

लॅबमधले दोघं हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सहाव्या नंबरला येऊन काय करतो हे सगळ्यांना माहीत होतं, पण ते कुणी माझ्याच टेबलाशी येऊन बोलायचं नसतं. मी म्हणालो, "टीम कमिटी ठरवते." कमिटी म्हणजे मी, कॅप्टन आणि एक फार्मासिस्ट जो कधी येत नसे.

"बरा," मामू म्हणाले. "ठरवा. आमी बघतांव."

आणि त्यांनी डूख धरला.

नव्या बोलरने पहिल्या मॅचमध्ये चार ओव्हरमध्ये अकरा वाइड टाकले. दुसऱ्या मॅचला उशिरा आला. तिसऱ्या मॅचला आपल्याच विकेटकीपरशी भांडला. मामू त्याला 'तुमचा घोडा' म्हणत. "सायेब, तुमचा घोडा आज कुणीकडं पळाला?" अंपायरने हात पसरायच्या आधी मामूंचा आवाज येई, "वाइड!" पाठ आमच्याकडे असताना. आणि दर वेळी बरोबर. महिन्याभरात हॉस्पिटलमध्ये माझं नाव 'वाइडसर' पडलं. व्हीलचेअर ढकलणारे मला वाइडसर म्हणू लागले. एका नर्सने रक्ताच्या नमुन्याच्या चिठ्ठीवर तसं लिहून पाठवलं.

मामूंनी चटईला हात लावणं सोडलं. आम्ही अंथरलेल्या चटईला इतक्या सुरकुत्या पडत की एका पाहुण्या कॅप्टनने ती बघून टॉसलाच नकार दिला. खुबूसाची गुंडाळी मला मिळे, पण माझ्या खुबूसात अंडं नसे, नुसता कांदा. कॉरिडॉरमध्ये समोरून आले की माझ्या शेजारच्या भिंतीला सलाम करत. मी तक्रार तरी काय करणार? भिंतीला सलाम केला म्हणून?

सावंत मात्र काही बोलत नसे. शुक्रवारीही स्टोअरमध्ये ड्यूटी मागून घेऊ लागला एवढंच.

मी खोटं बोलत नाही, मला त्या दिवसांत मामूंचा मनापासून राग येत होता. आपण चुकलो हे कळलेलं असतं, आणि समोरचा ते रोज नव्याने सांगत असतो, तेव्हा चूक दुरुस्त करण्यापेक्षा त्या माणसाचं उट्टं काढावंसं वाटतं. मी वाट बघत होतो.

सेमीफायनलच्या सकाळी मी मैदानावर पोचलो तर मामू चटईवर ओणवे. हातात हातोडा. चटई झकास ताणलेली. मला बघून म्हणाले, "आजचा दिवस आपल्या टीमची इज्जत हाय. म्हणून केलं." मला भरून आलं. मी म्हणालो, "मामू, झालं गेलं सोडून द्या." ते खुर्ची मांडून पाठ करून बसले. मला वाटलं, सवय आहे, हळूहळू जाईल.

सात वाजले तरी घोड्याचा पत्ता नाही. टॉस झाला, आमची फील्डिंग आली, आणि आम्ही दहा. मी गाडी पिटाळली स्टोअरकडे. दहा मिनिटांवर हॉस्पिटल. सावंत ऑफिसच्या पँटवरच धावत आला. मामूंना यातलं काही ठाऊक नव्हतं. सगळे ओरडणार तोच मी तोंडावर बोट ठेवलं. म्हटलं, गंमत होऊ दे. पहिली विकेट सावंतने घेतली की म्हातारा आपोआप वळेल. ती कल्पना माझी होती, हे मी कबूल करतो.

दुसरी ओव्हर, धुरांड्यांच्या बाजूने. या बाजूने दर मॅचला घोडा बोलिंग टाकत असे. कॅप्टनने चेंडू सावंतला दिला. सावंत चार पावलं आला, पुढचा पाय चटईच्या कोपऱ्यावर पडला, कोपरा खालून निसटला आणि तो डाव्या हातावर आपटला. काडकन आवाज आला. तो मला अजून ऐकू येतो.

मामूंनी तो ऐकला. खुर्चीतच मांडीवर थाप मारून म्हणाले, "पडला? पडू दे! नीट पडला ना?"

मग सावंत कण्हला. नऊ वर्षं एका खोलीत झोपलेल्या माणसाचं कण्हणं ओळखू येतंच. मामू वळले. जानेवारीनंतर मैदानाकडे तोंड करून मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि तसं तोंड मला पुन्हा बघायचं नाही.

शुक्रवार असल्यामुळे डार्करूमला दुसरं कुणी नव्हतं. सावंतच्या मनगटाची फिल्म मामूंनीच औषधात बुडवली. हाड दोन ठिकाणी तुटलेलं आधी त्यांनीच पाहिलं असणार, त्या लाल उजेडात, एकट्याने. बराच वेळ दार उघडलं नाही. बाहेर आले ते माझ्यासमोर उभे राहिले आणि खिशातून दोन खिळे काढून माझ्या हातावर ठेवले.

"कोपऱ्यातलं हायत. मीच ठोकलं नव्हतं. खालची वाळू पण उकरून ठेवलेली. तुमच्या घोड्यासाठी."

मी खिळे खिशात टाकले.

"सावंताला मी सांगतांव. माझ्या तोंडान. मला दोन दिवस द्या, सायेब. आज तो दुखण्यात हाय."

मी मान हलवली. हो म्हटलं असंच त्यांनी धरलं असणार.

शनिवारी संध्याकाळी कँटीनमध्ये टीमची मीटिंग होती. सावंत प्लास्टरमध्ये हात घेऊन आला होता. मामू दाराशी उभे होते, ते मीटिंगला कधी बसत नसत. कुणीतरी म्हणालं, "वाइडसर, पुढच्या मोसमात कुणाला आणताय?" सगळे हसले. आणि मी ते दोन खिळे खिशातून काढून टेबलावर ठेवले आणि सगळं सांगून टाकलं. सावकाश, एकही शब्द न गाळता. "पडला? पडू दे!" हेसुद्धा त्यांच्या आवाजात म्हणून दाखवलं. मला त्यात आनंद झाला. तो लपवण्यात अर्थ नाही. दोन महिने पाठ बघितली होती मी त्या माणसाची.

मामू दारातून म्हणाले, "उद्या सांगणार व्हतो." एवढंच. सावंत उठला आणि त्यांच्या शेजारून, त्यांच्याकडे न बघता निघून गेला. त्याच आठवड्यात त्याने जलीबची खोली सोडली आणि चुलतभावाकडे राहायला गेला.

त्यानंतर मला वाइडसर कुणी म्हणालं नाही. मामूंनी भिंतीला सलाम करणंही बंद केलं. आता ते मला सरळ सलाम करत आणि ते जास्त झोंबत होतं. जुलैत सावंत एकटाच गावी गेला. मामूंनी मंजूर झालेली रजा रद्द करून घेतली. "एकट्यान जाऊन काय करू?" असं ते एका वॉर्डबॉयला म्हणाले, हे मला नंतर कळलं.

ऑगस्टच्या दोन तारखेला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या तेव्हा सावंत सावंतवाडीला होता आणि मामू जलीबच्या त्या खोलीत. माझी बायको आणि मुलगी सुट्टीसाठी पुण्याला गेलेल्या, मी सबाह अल-सालेमच्या फ्लॅटमध्ये एकटा. त्या दिवसांबद्दल लोकांनी खूप सांगितलं आहे, मी फक्त आमच्यापुरतं सांगतो. मामू खोली सोडून डार्करूममध्येच राहायला आले. औषधं संपत आली होती. जुनंच औषध पुन्हा पुन्हा वापरून ते फिल्म काढत. हाडं कशीबशी दिसत, पण दिसत.

सप्टेंबरमध्ये हिंदी लोकांना बगदादमार्गे अम्मानला नेणाऱ्या बसेस निघू लागल्या; तिथून विमानाने मुंबई. आमच्या हॉस्पिटलच्या वाट्याला एक बस आली. यादी करायचं काम माझ्याकडे आलं. याद्या करायची मला सवयच होती. ज्याने जसं नाव दिलं तसा नंबर, असं सगळ्यांसमोर ठरलं. अठ्ठेचाळीस जागा. माझा नंबर एकोणिसावा होता. मामूंनी नावच दिलं नव्हतं.

मला झोप लागेना. रजा रद्द झाली नसती तर हा माणूस आपल्या गावी मासळी विकत घेत उभा असता, आणि ती रजा कशामुळे रद्द झाली हे मला पक्कं ठाऊक होतं. मी यादी नव्याने लिहिली आणि बाराव्या नंबरावर मामूंचं नाव घातलं. अठ्ठेचाळीसावी होती ती यादीबाहेर गेली. वॉर्ड झाडणारी एक आंध्रची बाई. तिला म्हणू, पुढची बस आहे.

यादी कँटीनच्या दाराला लावली त्याच दुपारी मामू लॅबमध्ये आले. यादीच काढून आणली होती.

"मी नाव दिलं नव्हतं."

"मी घातलं. चला तुम्ही. सावंत तिकडे वाट बघत असेल."

त्यांनी डोळे बारीक करून यादी वरून खालपर्यंत वाचली. "कुणाला काढलाव?"

मी सांगितलं. म्हणालो, पुढची बस येईल.

"आन् तुमचं नाव हाय की जागच्या जागी." आवाज चढला नव्हता. "मधीच माणूस घुसवायचा आन् दुसऱ्याला भाईर काढायचा. स्वतःला नाय काढायचा."

खरं सांगतो, ते मला सुचलंच नव्हतं. सुचल्यावरही मी पेन उचललं नाही. माझी मुलगी चार वर्षांची होती, असं मी तेव्हा मनाशी म्हणालो आणि आजही म्हणतो. मामूंनी माझ्या टेबलावरचं पेन घेतलं, स्वतःचं नाव खोडलं आणि खाली त्या बाईचं नाव लिहिलं. त्यांचं अक्षर वाईट होतं.

"मामू," मी म्हणालो, "त्या मीटिंगचं... मला माफ करा."

"नाय," ते म्हणाले. "तां मी इसरलो नाय. दोन दिवस मागितलं व्हतं तुमच्याकडं. मी सावंताचा हात मोडला, तां माझं पाप. पण सांगायचं माझं व्हतं, तां तुमी काढून घेतलाव." मग जवळजवळ खूष झाल्यासारखे म्हणाले, "आता ऐका. मुंबईला उतरलाव की सावंताकडं जायाचं. चिठ्ठी नको, फोन नको. समोर उभं ऱ्हायाचं आन् तुमच्या तोंडान सांगायचं, मामू मागं ऱ्हायला. कसा ऱ्हायला तां पण सांगायचं. एकही शब्द न गाळता."

"जाईन," मी म्हणालो.

"जायालाच लागंल. मी सोडणार नाय तुमाला."

पुढची बस आमच्या हॉस्पिटलला मिळाली नाही. लढाई संपल्यावर मी परत गेलो, विचारता येईल तिथे विचारलं. जानेवारीपर्यंत ते डार्करूममध्ये होते असं एक पॅलेस्टिनी ड्रायव्हर म्हणाला. नंतर काही जणांबरोबर सरहद्दीच्या दिशेने चालत निघाले, असं आणखी एकजण म्हणाला. त्यापुढे कुणाला काही माहीत नाही. त्यांच्या बहिणीला मी दोन पत्रं लिहिली. दुसऱ्याचं उत्तर आलं. त्यात तिने मलाच विचारलं होतं, भाईची काही खबर लागली का?

पण सावंतकडे मी गेलो तेव्हा हे काही मला माहीत नव्हतं. पुण्याला पोचून आठ दिवस मी टाळलं. नवव्या दिवशी रात्रीची एसटी धरली. सावंतवाडीच्या स्टँडवरून रिक्षा केली आणि रस्ताभर वाक्यं जुळवत बसलो. कुठून सुरुवात करायची, आधी बस की आधी यादी, स्वतःच्या एकोणिसाव्या नंबराचं कुठे सांगायचं.

रिक्षाचा आवाज ऐकून सावंत अंगणात आला. प्लास्टर केव्हाच निघालं होतं, मनगट वाकडं जुळलं होतं. मला बघून त्याचा चेहरा एकदम उजळला. "इलास!" तो म्हणाला आणि पायऱ्या उतरून धावत आला. पण माझ्याजवळ थांबला नाही. मला ओलांडून तो रिक्षापाशी गेला आणि वाकून आत बघू लागला, आणखी कोण उतरतंय ते.